स्टँडअप पंधरा मिनिटांचाच हवा का?

सेमीकोलन (धागाकर्ता)

आमच्या टीममध्ये नऊ जण. रोजचा स्टँडअप, म्हणजे काम कुठवर आलं ते उभ्या-उभ्या सांगायची छोटी मीटिंग, कॅलेंडरवर १५ मिनिटांचा, प्रत्यक्षात ४०चा. काल त्यातली २२ मिनिटं दोघं जण एका एपीआयचा (दोन प्रोग्रॅममधल्या दुव्याचा) टाइमआउट किती ठेवायचा, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची, यावर भांडत होते. (मोजली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.) बाकीचे माइक म्यूट करून मेल वाचत बसले. नऊ जणांची ४० मिनिटं म्हणजे सहा तास, आणि हे रोज.

माझं म्हणणं एवढंच, की पंधराव्या मिनिटाला कॉल बंद. कोणाचं वाक्य अर्धं राहिलं तर राहू दे. स्क्रम ही टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर बनवायची पद्धत, तिच्या अधिकृत गाइडमध्येही बाकीच्या मीटिंगांच्या मर्यादा लवचिक आहेत. महिन्याच्या स्प्रिंटला (कामाच्या एका टप्प्याला) प्लॅनिंग जास्तीत जास्त ८ तास, झालेल्या कामाचा रिव्ह्यू ४, कामाच्या पद्धतीवर मागे वळून बघणारी रेट्रो ३ आणि स्प्रिंट लहान असेल तर त्याहून कमी. डेली, म्हणजे हा रोजचा स्टँडअप, मात्र स्प्रिंट केवढाही असो, १५ मिनिटंच. आणि उभं राहायचं ते उगाच नाही. १९९९ साली पाच-पाच जणांच्या १११ गटांवर एक प्रयोग झाला होता. बसून बोलणाऱ्यांना उभ्या गटांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळ लागला आणि निर्णय काही जास्त चांगले निघाले नाहीत.

बोरूबहाद्दर

असहमत. त्या गटांना एकदाच जमून एक निर्णय घ्यायचा होता, दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं नव्हतं. टीमचं तसं नसतं.

आणि इतिहासच काढायचा तर पूर्ण काढा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोर्लंड या सॉफ्टवेअर कंपनीत क्वात्रो प्रो फॉर विंडोज हे स्प्रेडशीट बनवणाऱ्या टीमचा जेम्स कोप्लिएन या संशोधकांनी अभ्यास केला. ती टीम रोज भेटायची आणि स्क्रमने रोजच्या मीटिंगची कल्पना उचलली ती तिथूनच. गंमत अशी, की त्या भेटी तास-तासभर चालायच्या. पंधरा मिनिटांची कात्री नंतर आली.

आता माझा अनुभव. मागच्या प्रोजेक्टात लीडने टायमर लावला, माणशी एक मिनिट. सगळे खूश. दोघं जण चार दिवस ओळीने एकच वाक्य बोलत होते, "युजर टेबलचं काम चालू आहे." बाकीच्यांना वाटलं, एकच काम दोघं मिळून करताहेत. पाचव्या दिवशी दोन वेगळ्या मायग्रेशन स्क्रिप्ट (डेटाबेसची रचना बदलणारे प्रोग्रॅम) तपासायला आल्या. एकाने कॉलमचं नाव बदललं होतं, दुसऱ्याने कॉलमच उडवला होता. कोणी "म्हणजे नक्की काय करतोयस?" एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारणार कोण, टायमर वाजत होता ना!

सेमीकोलन

हा दोष टायमरचा कसा? "काम चालू आहे" हे वाक्य तासभर घोळवलं तरी त्यातून काही कळणार नाही. "युजर टेबलमधला अमुक कॉलम काढतोय" म्हणायला पाच सेकंद पुरतात.

टेस्टिंगवाली

वेळेवरून भांडताय, पण क्रम कोणी बघतच नाही. माणसांच्या क्रमाने बोलायचं म्हटलं की आम्हा टेस्टरांचा नंबर शेवटी आणि तोवर निम्म्या लोकांचं बोट कॉल बंद करायच्या बटणावर. आम्ही माणसं सोडून बोर्ड धरला, म्हणजे प्रत्येक कामाचं तिकीट डावीकडून उजवीकडे सरकत जातं तो तक्ता. उजवीकडून सुरुवात, म्हणजे संपत आलेलं तिकीट आधी आणि ते कशाने अडलंय तेवढंच बोलायचं. ज्याच्या तिकिटाला धक्का लागलेला नाही त्याने बोललंच पाहिजे असं नाही. बहुतेक दिवशी ११-१२ मिनिटांत आटोपतं.

"काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय" हे तीन प्रश्न लोक अजून आरतीसारखे म्हणतात. २०१७च्या गाइडमध्ये ते नुसतं उदाहरण म्हणून उरले होते, २०२०मध्ये काढूनच टाकले.

जुना_मॅनेजर

आता मॅनेजरांवर घसराल, म्हणून आधीच बोलतो. मी स्टँडअपमध्ये प्रश्न विचारतो, कारण नंतर मलाच क्लायंटला उत्तर द्यायचं असतं. तारखा कोण सांभाळणार?

टेस्टिंगवाली

तारखा बोर्डवर असतात, सर. तुम्ही प्रश्न विचारलात की माणूस टीमशी बोलायचं सोडून तुमच्याशी बोलायला लागतो आणि काल काय-काय केलं त्याची यादी वाचतो. नॉर्वेतल्या संशोधकांचा २०१६चा एक अभ्यास आहे. लोकांना रोजची मीटिंग नकोशी होते ती मॅनेजरला हजेरी दिल्यासारखं वाटतं म्हणून, शिवाय ती फार लांबते आणि फार वेळा होते म्हणून.

बोरूबहाद्दर

त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग गाळलात. लोकांना आवडतं काय, तर एकमेकांकडून माहिती मिळणं आणि अडचणीवर चर्चा करून ती सोडवायची संधी मिळणं. धागाकर्ते नेमकी तीच कापायला निघालेत.

नवशिका

मी चार महिन्यांपूर्वी रुजू झालो, काम पूर्ण रिमोट. सेमीकोलन, तुमच्या त्या २२ मिनिटांसारखीच चर्चा आमच्याकडे झाली होती. उत्तर आलं नाही तर आमची सर्व्हिस तीनदा रिट्राय (परत प्रयत्न) का करते आणि त्यामुळे टाइमआउट वाढवणं महागात का पडतं, हे मला तिथे कळलं. डॉक्युमेंटमध्ये यातलं अक्षर नाही. सिनियर लोक विचार कसा करतात हे ऐकायला मिळण्याची माझी ती एकच जागा आहे. तुम्हाला जो वेळ फुकट गेलेला दिसतो, त्यात कोणीतरी माझ्यासारखा गप्प बसून शिकत असतो.

सेमीकोलन

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, कबूल. पण तुम्हाला ऐकायचंय म्हणून बाकी सहा जणांना बांधून का ठेवायचं? "हे ऑफलाइन घेऊया" म्हणायचं आणि ज्याला हवं त्याने जायचं.

बोरूबहाद्दर

"ऑफलाइन घेऊया" म्हणजे आमच्याकडे त्या विषयाला तिलांजली. दुपारी दोघांच्या कॅलेंडरवर एकत्र मोकळा अर्धा तास सापडला तर शप्पथ. आणि नवशिक्यांना त्या कॉलचं आमंत्रण कोण पाठवणार?

सेमीकोलन

मग नंतर कशाला, लगेच घ्या. डेली संपल्यावर लागलीच थांबून खोलात बोलतात, हे २०१७च्या गाइडमध्येही लिहिलेलं होतं. सोमवारपासून आमच्याकडे असं करून बघतो. पंधराव्या मिनिटाला मीटिंग संपली म्हणून जाहीर करायचं, पण कॉल चालू ठेवायचा. टाइमआउटवाले थांबतील, ज्याला ऐकायचंय तो थांबेल, बाकीचे मोकळे.

नवशिका

हे चालेल मला.

टेस्टिंगवाली

आणि मॅनेजर थांबला तर?

सेमीकोलन

मग सगळेच थांबतील. :(

जुना_मॅनेजर

बरं, मी चौदाव्या मिनिटाला निघतो.