सांगलीत गिटार शिकायची आहे : गल्लीतले सर की क्लास?

अबोली_विश्रामबाग
नमस्कार मंडळी. वय ४३, पतसंस्थेत नोकरी, सहाला घरी येते. शाळेत असताना गाण्याच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, पुढे सुटलं ते सुटलंच. आता भावगीतं म्हणताना स्वतःच साथ करता यावी एवढीच इच्छा आहे. परीक्षा, स्टेज काही नको.
भावाची जुनी गिटार माळ्यावरून काढली आहे. लोखंडी तारांची आहे आणि तारा मानेवरच्या पट्टीपासून इतक्या वर आहेत की दाबताना बोटांवर वळ उठतात.
समोर दोन पर्याय आहेत. एक, आमच्या मागच्या गल्लीतले सर. साठीच्या पुढचे, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, घरीच एकेकट्याला शिकवतात. आठवड्यातून दोन दिवस, महिना १५००. दोन, एक क्लास. चार-पाच मुलांची बॅच, ग्रेड परीक्षा, महिना २५०० आणि परीक्षेची फी वेगळी.
बजेट महिना १५००. नवी गिटार घ्यावीच लागली तर ५००० च्या वर जाणार नाही. कोणाकडे जाऊ, आणि जाण्याआधी काय विचारू?

घाटमाथा
ताई, आधी गिटार बदला. सरळ यामाहा एफ ३१० घ्या, दहा हजारांच्या आसपास बसेल. माझी २०११ पासून आहे, दोन घरं बदलली, तेव्हापासूनचे सगळे पावसाळे काढले, मान जराही वाकली नाही. पाच हजारांच्या गिटारीवर शिकलात तर सहा महिन्यांत सोडाल. सर कोण, क्लास कुठला, हे नंतर.

स्वयंशिक्षित
पैसे कशाला घालवता? मी यूट्यूबवर शिकलो. चौदा महिने झाले, आज तीस-पस्तीस गाणी वाजवतो, एक रुपया फी दिलेली नाही. रोज अर्धा तास बसायची तयारी हवी.

कृष्णाकाठ
@स्वयंशिक्षित, मीही असंच शिकलो आणि फसलो. मनगट आत वळवून, अंगठा मानेवर अडकवून वाजवत राहिलो. दीड वर्षाने मनगट दुखायला लागलं. मग सर लावले, तर त्यांना पहिले चार महिने माझी सवय मोडण्यातच घालवावे लागले. स्क्रीनवरचा माणूस तुमचा हात बघत नाही. समोर माणूस हवाच.

नायलॉनवाला
लोखंडी तारा सोडा, नायलॉनची घ्या. माझ्या बायकोने चाळिशीत सुरुवात केली. यामाहाची सी ४० आणली, बोटं एक दिवस दुखली नाहीत. आवाज मऊ, भावगीताला शोभतो.

घाटमाथा
नायलॉनची पट्टी रुंद असते. सी ४० वर ५२ मिमी, एफ ३१० वर ४३. ताईंचा हात लहान असेल तर बोटं पोचणार नाहीत. म्हणून म्हणतो, एफ ३१०.

नायलॉनवाला
स्पेनमध्ये लोक रुंद पट्टीवरच शिकतात. हात तयार होतो. तुम्ही वाजवून बघितलीय का कधी?

तंबोरा
मला मनापासून एक विचारायचं आहे. मिरज हाकेच्या अंतरावर. जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, तिथल्या माणसाला गिटार का शिकावीशी वाटते? तुमचा कान गाण्याने तयार झालेला आहे. गिटारचे पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या कांड्या) पक्के ठोकलेले, सतारीसारखे सरकत नाहीत. तिचा गंधार चढाच राहणार. तंबोऱ्यातून आपोआप निघणारा गंधार (ग) षड्जापासून (सा) ३८६ सेंटवर, गिटारचा ४०० वर; पेटीच्या लागोपाठच्या दोन सुरांत शंभर सेंट असतात. चौदा सेंटचा फरक तयार कानाला टोचतो. हाच दोष पेटीत आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तेव्हा सुरांचा आक्षेप त्यात होताच.

पेटीमास्तर
@तंबोरा, ती बंदी पुढे उठली, आणि बंदीच्या काळातही घराघरात भजनाला पेटीच होती. ताईंना बडा ख्याल गायचा नाही, भावगीताला साथ हवी आहे. भावगीतांच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार वर्षानुवर्षं वाजते आहे. गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर राग वाजवले, विश्वमोहन भटांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

तंबोरा
ती मांडीवर आडवी धरून सळईने वाजवायची गिटार. तिथे पडद्याचं बंधनच नाही, म्हणून मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) निघते. माझा मुद्दा त्यानेच सिद्ध होतो.

मनस्ताप_पुणे
क्लासला जाणार असाल तर वर्षाची फी आगाऊ भरू नका. पुण्यात एका क्लासमध्ये मुलीचे पूर्ण वर्षाचे पैसे भरले, सवलत मिळत होती म्हणून. सात महिन्यांत तीन शिक्षक बदलले. प्रत्येक नवा माणूस पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करायचा. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागची बारीक अक्षरातली अट दाखवली. मुलीने गिटार सोडली. अजून राग येतो.

फोंडेकार
मी क्लासच्या बाजूने. ऑर्केस्ट्रातले सर कानाने शिकलेले असतात, ते कानानेच शिकवणार. नोटेशन (लिहिलेले सूर वाचणं) येत नसेल तर माणूस आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहतो. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना आधी सोल्फा (डो-रे-मी, म्हणजे त्यांचं सारेगम) घोटवून घेत, मग हातात व्हायोलिन देत. तिथून किती वादक तयार होऊन मुंबईच्या सिनेमासंगीतात गेले! लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत आहेत, शिस्त लागते. हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

एडिसनहून
इथे न्यू जर्सीत अर्ध्या तासाला ४० डॉलर देतो. तुम्हाला महिन्याला १५०० मध्ये आठ धडे मिळत आहेत, तेही चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्या मुलाचे सर बर्कलीला (बॉस्टनचं संगीत कॉलेज) शिकलेले आहेत, त्याची दुसऱ्या वर्षातच चौथी ग्रेड झाली. पण ग्रेड हव्यातच, फोंडेकार म्हणतात ते बरोबर.

कृष्णाकाठ
ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की परीक्षा नको.

मिरजमार्केट
जुनी गिटार टाकू नका. माझी अशीच होती. मिरजेत सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो, म्हटलं बघतील तर बघतील. चाचांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून मान सरळ आहे का ते पाहिलं, पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकला. बाराव्या पडद्याजवळ तार जवळजवळ पाच मिमी वर होती. तारा सैल केल्या, ब्रिजवरची पांढरी पट्टी उपसून काढली (ते तिला घोडीच म्हणत होते), पेन्सिलीने रेघ मारली आणि काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यावर पट्टीचा खालचा भाग घासायला लागले. थोडं घासायचं, बसवायचं, तार लावून बघायचं, पुन्हा काढायची. असं चार वेळा. शेवटी अडीच मिमीवर आणून दिली. ४०० रुपये घेतले. त्या दिवसापासून बोटं दुखली नाहीत. मान वाकलेली असेल तर मात्र आधी तिच्यातला रॉड पिळून सरळ करावी लागते, ते गिटारवाल्याकडूनच करून घ्या.

घाटमाथा
४०० रुपये जुन्या लाकडात घालण्यापेक्षा थोडे दिवस थांबून एफ ३१० घ्या, पुन्हा सांगतो.

शिकवतो_नाशिक
मी अठरा वर्षं शिकवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
मिरजमार्केट यांचं पटतं, आणि त्यात एक भर. तार उंच असली की दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. ताई, तुमचा कान गाण्याचा आहे. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बरोबर धरूनही बेसूर वाटला तर दोष स्वतःकडे घ्याल आणि खचाल. म्हणून हे काम आधी.
सर निवडण्याआधी एक धडा पैसे देऊन घ्या. त्या तासात बघा की ते स्वतः किती वाजवतात आणि तुम्हाला किती वाजवायला लावतात. पहिल्या धड्यात विद्यार्थ्याच्या हातात गिटार निम्म्याहून जास्त वेळ हवी. तुमचं मनगट, अंगठा, खांदा बघतात का? ट्यूनिंग तुम्हाला करायला लावतात का? आणि विचारा की महिन्याभरात मी काय वाजवेन. नेमकं उत्तर देणारा माणूस विचार करून शिकवतो. बुडलेला तास भरून देणार का, हेही आधीच बोलून घ्या. फी महिन्याची महिन्याला.
डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापा. रोज पंधरा मिनिटं बसा, रविवारी दोन तास नको. टोकं घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. ई मायनरपासून सुरू करा. पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात दोन बोटं, झालं. एफ कॉर्डच्या मागे (त्यात एका बोटाने अनेक तारा दाबाव्या लागतात) पहिले तीन महिने लागू नका, बहुतेक लोक तिथेच सोडून देतात.
भावगीताला तुमचा दादरा-केहरवा आधीच अंगात आहे. उजवा हात त्या सहा-आठ मात्रांवर चालवणारे सर मिळाले तर निम्मं काम झालं.
तुमची गायची पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी) असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जीचे कॉर्ड धरा.

स्वयंशिक्षित
हे सगळं यूट्यूबवर आहे.

फोंडेकार
तीन महिने एफ टाळायचा? आमच्याकडे कोणी असं लाडावलं नाही.

पेटीमास्तर
नाशिककरांना अनुमोदन. एक धडा घेऊन बघा.

अबोली_विश्रामबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सरांकडे एक धडा घेऊन आले. गिटार ना नवी घेतली, ना मिरजेला नेली.
सरांनी गिटार हातात घेऊन पट्टी बघितली, म्हणाले मान ठीक आहे, घोडी उंच आहे, पण आज घासायची घाई नको. त्यांनी जाड तारा काढून दहा नंबरच्या बारीक तारा चढवल्या आणि सगळ्या अर्धा सूर उतरवून लावल्या. ताण कमी झाला, बोटं बसायला लागली. मग मला ‘आ’ म्हणून माझा सूर लावायला सांगितला. माझी काळी चारच आहे. म्हणाले, आता ए धरा, तोच तुमचा षड्ज. ए, डी, ई या तीन कॉर्डमध्ये पुष्कळ गाणी निघतील, एफ लागणारच नाही. कॅपोही लागला नाही.
तासभर गिटार माझ्याच मांडीवर होती. उजव्या हाताला त्यांनी फक्त दादरा दिला. सहा मात्रा, पहिलीवर अंगठा, बाकी हलकं. ए वरून डीवर जाताना दर वेळी एक मात्रा चुकत होती. ते टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले होते, थांबले नाहीत. विसाव्या-बाविसाव्या आवर्तनाला समेवर आले.
नोटेशन त्यांना येत नाही, ते त्यांनी आपणहून सांगितलं. मला चालणार आहे. मंगळवार-शुक्रवार ठरलं, साडेसहा ते साडेसात.

घाटमाथा
अभिनंदन ताई. दिवाळीत ऑफर लागतात, तेव्हा एफ ३१० चा विचार कराच.

तंबोरा
काळी चारचा षड्ज मोकळ्या तारांत मिळतोय हे चांगलं झालं. गंधार कसा वाटतो ते महिन्याभराने नक्की लिहा, खरंच जाणून घ्यायचंय.

मिरजमार्केट
घोडी घासायची ठरली की सांगा, मी येतो बरोबर. चाचा दुपारी नमाजनंतर दुकानात असतात.

मनस्ताप_पुणे
सर पुण्यात ऑनलाइन शिकवतात का? मुलीसाठी विचारतेय. आज खूप दिवसांनी तिने कपाटावरची गिटार पुसली.