करिक्युलम मॅप नक्की कोणासाठी, बोर्डासाठी की वर्गासाठी? (न्यू जर्सी)

मध्यजर्सीची आई
इथे पब्लिक स्कूलला पोरं घालणाऱ्यांशी बोलायचंय. आपल्याकडे बालभारतीचं पुस्तक उघडलं की पोरगं वर्षभर काय शिकणार ते कळायचं, इथे राज्य फक्त स्टँडर्ड्स देतं म्हणजे वर्षाअखेर काय यायला हवं एवढंच, आणि पुस्तक कुठलं, कुठलं युनिट कधी, हे डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारा स्थानिक विभाग, ठरवतं, आणि अशी डिस्ट्रिक्ट सहाशेच्या आसपास. हे सगळं जिथे लिहून ठेवतात तो करिक्युलम मॅप. उन्हाळ्यात काही शिक्षक बसून लिहितात, सुपरवायझर बघतात, डिस्ट्रिक्टचं शाळा बोर्ड पास करतं आणि वेबसाइटवर पीडीएफ चढते. पुढे? एनजेक्यूसॅकची, म्हणजे राज्याकडून होणारी डिस्ट्रिक्टची तपासणी साधारण तीन वर्षांनी येते, ती जवळ आली की परत धावपळ.

माझी मुलगी मार्च 2020 मध्ये तिसरीत होती. तिसरीत अपूर्णांक पहिल्यांदा नंबर लाइनवर येतात, आमच्या मॅपमध्ये ते युनिट एप्रिलला होतं. शाळा बंद झाल्या, ते घाईघाईत उरकलं. चौथीचा मॅप मात्र जसाच्या तसा, सप्टेंबरपासून सममूल्य अपूर्णांक, कारण कागदावर तिसरीचं युनिट झालेलं! पाचवीत वेगळ्या छेदांची बेरीज आली तेव्हा ती वर वर आणि खाली खाली मिळवायची, 1/2 अधिक 1/3 बरोबर 2/5. दोष कुठल्या एका शिक्षकाचा नाही, पण प्रत्यक्षात काय शिकवून झालं हे मॅपमध्ये लिहायची जागाच नव्हती. माझं म्हणणं एवढंच, काय झालं आणि काय राहिलं हे शिक्षकांनी त्यात टाकलंच पाहिजे.

सहावीचं गणित
मी मिडल स्कूलला शिकवते. ताई, तुमच्या मुलीसारखी मुलं माझ्या वर्गात आली आहेत, सहावीत अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागायचं, रेशो सुरू करायचं आणि 1/3 मोठा की 1/4 इथेच गाडी अडते, सो प्रॉब्लेम खरा आहे. पण उपाय पटत नाही. शिक्षकाने दर महिन्याला काय शिकवलं ते लिहायचं ही डायरी मॅपिंगची पद्धत जुनी आहे, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ हायडी हेज जेकब्स यांनी 1997 मध्ये तेच मांडलं. आमच्याकडे सॉफ्टवेअर घेऊन करून पण बघितलं. रात्री पेपर तपासून झाल्यावर कोण भरणार? मागच्या वर्षीचं कॉपी पेस्ट व्हायचं. आणि 2012 च्या कायद्यापासून इथे टेन्युअर, म्हणजे नोकरीची कायम हमी, शिक्षकाच्या इव्हॅल्युएशनला (कामाच्या मूल्यमापनाला) बांधलंय, मग 'युनिट 6 राहिलं' असं स्वतःच्या नावाने कोण लिहील? नाही लिहिणार कोणी. वेळ न देता मागितलेली माहिती खोटीच येते.

दोन शाळांचा बाबा
मी तर म्हणतो आणखी कडक करा. शाळांच्या हद्दी बदलल्या, त्याच डिस्ट्रिक्टमधल्या दुसऱ्या एलिमेंटरीला मुलगा गेला, तर तिथे भागाकार झालेला आणि याचा सुरूच नव्हता. टॅक्स सगळे सारखाच भरतो ना? एका डिस्ट्रिक्टमध्ये एका आठवड्यात सगळीकडे एकच धडा पाहिजे.

सहावीचं गणित
दादा, ती पेसिंग गाईड झाली, म्हणजे कुठल्या आठवड्यात काय शिकवायचं त्याचं वेळापत्रक, मॅप नव्हे. कुठली समज कुठल्या इयत्तेत पक्की व्हायची हे मॅप सांगतो. आठवडा बांधला की मागे राहिलेल्या मुलासाठी थांबता येत नाही, आणि ताईंच्या मुलीचं नेमकं तेच झालं.

दोन शाळांचा बाबा
मान्य, पण 'थांबलो' हे पुढच्या शिक्षकाला कळायला नको का? आठवडा सोडा, निदान युनिट कुठल्या महिन्यात संपलं एवढं तरी दोन्ही शाळांचं एका ठिकाणी दिसू दे.

कमिटीवाली
मी आमच्या टाउनच्या करिक्युलम मीटिंगला नियमित जाते, वेगळा मुद्दा मांडते. इथे मॅपमध्ये भर पडत राहते, काढत कोणी काही नाही. होलोकॉस्टचं शिक्षण 1994 पासून सक्तीचं, 2002 मध्ये आफ्रिकन अमेरिकन इतिहास शिकवण्याचा अमिस्टॅड कायदा आला, क्लायमेट चेंज 2020 मध्ये स्टँडर्ड्समध्ये घेतलं आणि सप्टेंबर 2022 पासून लागू केलं, आशियाई अमेरिकन इतिहासाचा कायदा जानेवारी 2022 चा. हे सगळं असायलाच हवं, शेवटच्यासाठी तर आपल्यापैकी किती जण बोलले. पण शाळेचे दिवस तेवढेच राहिले. मॅपचा खरा उपयोग इथे होतो, तिसरीपासून आठवीपर्यंतचं समोरासमोर ठेवलं की दिसतं, वॉटर सायकल दोनदा येतेय आणि डेटा वाचायला कोणीच शिकवत नाहीये. त्यासाठी सगळ्या इयत्तांचे शिक्षक एका खोलीत बसायला हवेत, आणि पीडीचा, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दिवस कुठल्यातरी वक्त्याच्या भाषणात जातो.

मध्यजर्सीची आई
मग दर महिन्याचं राहू द्या. जूनच्या शेवटी, पगारी वेळेत, पाचवीचे आणि सहावीचे शिक्षक अर्धा दिवस एकत्र बसू देत. प्रत्येक युनिटपुढे तीनच खुणा: झालं, अर्धवट, राहिलं. त्याप्रमाणे सहावीचा सप्टेंबर बदलायचा, आणि बदललेला मॅप वेबसाइटवर तारखेसकट टाकायचा. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. पुढच्या बोर्ड मीटिंगला पब्लिक कॉमेंटमध्ये मी हेच मागणार आहे, कोण येतंय?

कमिटीवाली
मी येते. मीटिंगला उभं राहायच्या आधी सुपरिंटेंडेंटच्या (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांच्या) ऑफिसला लेखी पण द्या, म्हणजे नोंद राहते.

सहावीचं गणित
अर्धा दिवस मिळाला तर मी पहिली बसेन. पण खुणा ग्रेडच्या नावाने, शिक्षकाच्या किंवा वर्गाच्या नावाने नाही, आणि इव्हॅल्युएशनला त्यातलं काही वापरणार नाही हे युनियनबरोबर आधी लेखी ठरलं पाहिजे. त्याशिवाय मी माझ्या सहकाऱ्यांना 'राहिलं' लिहा म्हणून सांगणार नाही.

दोन शाळांचा बाबा
वर्गाचं नाव नको हे ठीक, पण शाळेचं नाव हवंच. नाहीतर दोन शाळांमधला फरक परत झाकला जाणार, आणि माझा मुद्दा तोच आहे.