डार्क टॉवरचा शेवट: न्याय की फसवणूक?

निशाचर:
(रहस्यभेद आहे. मालिका वाचायची बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.)
काल रात्री स्टीफन किंगच्या 'द डार्क टॉवर'चा सातवा खंड संपवला. जन्मभर ज्याचा शोध घेतला त्या मनोऱ्यात नायक रोलंड शिरतो आणि किंग आपल्यालाच बजावतो, इथे थांबा, पुढे वाचू नका. मी अर्थातच वाचलं. सगळ्यात वरच्या दारावर रोलंडचंच नाव, आणि दारापलीकडे तेच पहिल्या पुस्तकातलं वाळवंट, म्हणजे फेरी पुन्हा पहिल्यापासून! मला शेवट चोख वाटला. मनोऱ्यापायी ज्याने पोरगेल्या जेकला दरीत पडू दिलं, त्याला तो सुखासुखी मिळावा का?

जुनी खोड:
सातही खंड सलग वाचले असणार तुम्ही, म्हणून चोख वाटतंय. तिसरा खंड १९९१ मध्ये संपला तो वेड्या आगगाडीशी कोड्यांची पैज लागते तिथे, आणि चौथा आला १९९७ मध्ये. सहा वर्षं आम्ही डब्यातच! १९९९ मध्ये किंगला गाडीने उडवलं, तेव्हा वाटलं आता काही खरं नाही. आणि २००४ मध्ये हाती काय? चांदोबातला विक्रम. चला परत झाडाकडे.

निशाचर:
विक्रमाच्या खांद्यावर दर खेपेला तेच प्रेत असतं. इथे या फेरीत रोलंडजवळ शिंग आहे, जेरिको हिलच्या लढाईत मागे राहिलेलं. ज्या कवितेवरून किंगला ही मालिका सुचली, त्या कवी ब्राउनिंगच्या १८५५च्या कवितेतला रोलंड मनोऱ्यासमोर शिंगच फुंकतो. म्हणजे ही फेरी वेगळी.

जुनी खोड:
मग ती फेरी लिहायची होती ना!

खोडरबर:
दाराचं सोडा हो. खरी माती त्याआधीच खाल्लीय. ज्या क्रिमझन किंगची, म्हणजे मालिकेतल्या मुख्य खलनायकाची, एवढी धास्ती, तो निघतो सज्जातून उडते बॉम्ब फेकत किंचाळणारा म्हातारा. त्याला संपवतो कोण? याच खंडात ऐनवेळी भेटलेला पॅट्रिक. चित्र काढतो आणि रबराने खोडतो. उरतात नुसते डोळे. रोलंडची पिस्तुलं काय पूजेला ठेवायची?

निशाचर:
तो भाग मीही भराभर उलटला, खोटं कशाला बोलू. पण ऑय, जेकचं ते कुत्र्यासारखं इमानी जनावर, गेला तेव्हा पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं.

जुनी खोड:
ऑयचं नाव काढू नका.

खोडरबर:
२०१२ मध्ये आणखी एक खंड आलाय. गोष्ट चौथ्या-पाचव्याच्या मधली. त्यात ऑय आहे.

जुनी खोड:
माहीत आहे. तिसऱ्यांदा वाचतोय.