मदत हवी आहे: स्टेंट टाकलेले वडील पहाटे गार पाण्यानेच आंघोळ करतात

नमस्कार मंडळी. जरा लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. वडील (नाना) ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे, बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. माळकरी माणूस, पहाटे साडेचारला उठणार, बारा महिने गार पाण्याने आंघोळ, मग हरिपाठ, मग बाग. मी लहानपणापासून हेच बघत आलोय त्यामुळे त्यात काही धोका असेल असं कधी मनातही आलं नाही.

गेल्या मंगळवारी पहाटे पारा ६ अंशांवर आला होता. मी बागेत शेकोट्या पेटवायला निघालो होतो, बाथरूमजवळून जाताना तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग नुसता श्वासाचा, चढावर धावत आल्यासारखा. दार ढकललं तर नाना चौरंगावर बसलेले, एका हाताने नळ घट्ट धरलेला, ओठ काळेनिळे, बोलायला जातात पण शब्द फुटत नाही. टॉवेल गुंडाळून बाहेर आणलं, घोंगडी टाकली. दोन-तीन मिनिटांत श्वास खाली बसला आणि पहिलं वाक्य काय तर "तुझ्या आईला सांगू नको."

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, ईसीजी ठीक आला, बाकी तपासण्याही ठीक. डॉक्टर म्हणाले गार पाणी बंद. बाहेर गर्दी होती, जास्त विचारता आलं नाही. घरी आल्यावर नानांचं एकच, "साठ वर्षं गार पाण्याने आंघोळ केली, तेव्हा नाही काही झालं ते आता काय होणार, गरम पाण्याने माणूस आळशी होतो." छपरावर सोलर आहे, नुसता नळ फिरवायचाय, पण नाही. त्यात धाकटा भाऊ नाशिकला जिमला जातो, तिथे बर्फाच्या टबात बसतात, तो मोबाईलवर व्हिडिओ दाखवून सांगतो की गार पाण्याने प्रतिकारशक्ती वाढते, हृदय मजबूत होतं. नानांना तेवढंच पाहिजे होतं.

मला भांडण नकोय. त्यांची शिस्त मोडायची पण इच्छा नाही, त्या शिस्तीवरच तो माणूस उभा आहे. फक्त हे नक्की काय झालं होतं, परत होऊ शकतं का, आणि मधला काही मार्ग आहे का एवढं कळलं तर बरं होईल. अजून एक, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला ते दिंडीबरोबर चालत त्र्यंबकला जातात आणि कुशावर्तात पहाटे बुडी मारतात. ती वारी चुकवायला ते तयार होणार नाहीत, आणि मला खरं तर तिचीच जास्त भीती वाटतेय.

पहाटवारा:
मी आठ वर्षं गार पाण्यानेच करतो, वय ४४, काही त्रास नाही, उलट दिवसभर तरतरी राहते. पण तुमच्या वडिलांची केस वेगळी आहे हो, स्टेंट आहे. माझं बघून कुणी करू नये.

सुमनताई:
दादा, पाणी आधी पायावर, मग मांड्या, पोट, खांदे आणि डोकं सगळ्यात शेवटी असं घ्यायला सांगा. डोक्यावर आधी घेतलं की नस फुटते असा मेसेज आलेला मला.

भूलतज्ज्ञ:
मी डॉक्टर आहे पण तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा शब्द शेवटचा हे आधी लिहून ठेवतो.

तुम्ही वर्णन केलंय ते गार पाण्याच्या धक्क्यासारखं वाटतं. साधारण १५ अंशांच्या खालचं पाणी एकदम अंगावर पडलं की माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो, मग धाप लागते, ती इच्छा असूनही आवरत नाही, म्हणून बोलता येत नाही. कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी आणि ठोके एकदम चढतात. सगळा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात असतो, दोन-तीन मिनिटांत ओसरतो. धडधाकट माणसाला हा नुसता शहारा, पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्यात त्याच्यासाठी तेच अर्धं मिनिट धोक्याचं. त्यात थंडीत आणि सकाळच्या वेळी बीपी तसंही वर असतं.

सुमनताई, तो नस फुटण्याचा मेसेज जसा फिरतो तसा खरा नाही, पण पायापासून हळूहळू पाणी घेतलं की धक्का कमी बसतो हे बरोबर आहे.

बुडीबद्दल मुद्दाम लिहितो. चेहरा पाण्यात गेला आणि श्वास रोखला की शरीर ठोके कमी करायला बघतं, आणि गार पाण्याचा धक्का ठोके वाढवायला बघतो. दोन्ही हुकूम एकाच वेळी हृदयाला मिळतात आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या माईक टिप्टन यांनी यावर बरंच काम केलंय. म्हणजे अंगावर तांब्याने पाणी घेणं वेगळं आणि गार कुंडात डोक्यासकट बुडणं वेगळं.

भावाच्या व्हिडिओबद्दल. नेदरलँड्समध्ये ३०१८ लोकांवर एक प्रयोग झाला, २०१६ साली छापून आला. नेहमीच्या आंघोळीच्या शेवटी ३० ते ९० सेकंद गार शॉवर, महिनाभर रोज. त्या लोकांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्के कमी झाल्या, पण आजारी असण्याचे दिवस काही कमी झाले नाहीत. म्हणजे आजारी पडले तरी कामाला जायची ताकद वाटली असं म्हणता येईल. तरतरी येते ती खरीच, गार पाण्याने नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचं, अंगाला जागं करणारं संप्रेरक वाढतं. पण त्या प्रयोगात गंभीर आजार असलेल्यांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्यातून स्टेंटवाल्या माणसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि भावाला सांगा, वजनं उचलल्यावर रोज लगेच बर्फात बसलं तर स्नायू वाढायचं प्रमाणही कमी होतं.

आता मला एक सांगा. नाना साठ वर्षं आंघोळ करत होते ते पाणी कुठलं, आणि आताचं कुठलं?

धागाकर्ता:
डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही मळ्यातल्या जुन्या घरात होतो. नाना विहिरीवर, मोटरच्या पाइपाखाली आंघोळ करायचे. ऑपरेशननंतर रस्त्याकडेच्या नव्या घरात आलो, आता पाणी गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतून येतं. रात्रभर उघड्यावर गारठलेलं.

आज पहाटे पाचला बागेतलं थर्मामीटर काढून आणलं. बाथरूमच्या नळाखाली बादली भरली, पाच मिनिटं बुडवून ठेवलं, साडेबारा अंश. मग विहिरीवर गेलो, मोटर चालू केली, त्या पाण्यात धरलं तर चोवीस. दोनदा बघितलं. बॅटरीच्या उजेडात पाइपाच्या तोंडाशी वाफ दिसत होती. लहानपणी थंडीत त्या पाण्यात हात घालून उभं राहायचो ते आठवलं, हाताला ऊब लागायची.

म्हणजे नानांनी साठ वर्षं थंडीत जे केलं ते मुळात एवढं गार पाणी नव्हतंच!

भूलतज्ज्ञ:
तेच विचारायचं होतं. जमिनीखालचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला राहतं, म्हणून उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं. टाकीतलं पाणी मात्र हवेबरोबर उतरतं. त्यामुळे साठ वर्षांची सवय या पाण्याला लागू होत नाही.

डॉक्टरांना परत भेटा आणि हे दोन्ही आकडे दाखवा. तोवर सोलरचं कोमट पाणी, ३५ अंशांच्या आसपास. फार कढत पण नको, त्याने बीपी एकदम उतरून चक्कर येते, बीपीच्या गोळीवर तर जास्तच. बाथरूमची कडी लावायची नाही. आणि परत तसं झालं आणि छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखला तर ओसरायची वाट न बघता १०८.

धागाकर्ता:
उशिरा लिहितोय, सॉरी, बागेची धावपळ चालू होती.

डॉक्टरांकडे जाऊन आलो, या वेळी शेवटचा नंबर घेतला म्हणजे नीट बोलता येईल. ते म्हणाले हिवाळाभर कोमटच, आणि कुंडात बुडी अजिबात नाही. यात्रेला जाऊ शकतात पण चालायचं किती हे स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) करून ठरवू.

नानांना समजावायला मला फार काही बोलावं लागलं नाही. थंडीची लाट आली की आम्ही पहाटे मोटर चालू करून ठिबकने बागेला पाणी सोडतो, विहिरीचं पाणी उबदार असतं, मण्यांना तडे जायला नको म्हणून. हे मला नानांनीच शिकवलंय. थर्मामीटर त्यांच्या हातात दिलं, आधी बादलीत बुडवायला लावलं, मग विहिरीवर नेलं. म्हटलं नाना, टाकीतलं हे पाणी तुम्ही बागेला सोडाल का पहाटे? त्यांनी थर्मामीटर उजेडाकडे धरून तीनदा वाचलं. म्हणाले, "घड मरतील." मग बराच वेळ गप्प. जाताना म्हणाले, "सोलरचा नळ डावीकडे फिरवायचा ना?"

गेले बारा दिवस कोमट पाणी, पायापासून सुरुवात, कडी न लावता. उठायची वेळ तीच साडेचारची, हरिपाठ पण तोच. आईला सगळं सांगितलं, ती माझ्यावरच चिडली, ते ठीक आहे.

भाऊ आता व्हिडिओ दाखवत नाही, रविवारी आला तेव्हा आल्या आल्या नानांचं बीपी मोजलं त्याने.

कुशावर्ताचं असं ठरलंय की पायरीवर बसून पाय धुवायचे, तांब्याने थोडं पाणी घेऊन डोळ्यांना लावायचं, आणि ते पहाटे नाही, ऊन वर आल्यावर. नाना याला हो म्हणालेत. दरवर्षी त्र्यंबकला जाणारं कुणी इथे असेल तर सांगा, एकादशीला दहा-अकराच्या सुमाराला कुंडावर वयस्कर माणसाला पायरीपर्यंत नेता येईल एवढी जागा मिळते का, की आदल्या दिवशी गेलेलं बरं?