पर्णकृमी चपटेच का, आणि आयव्हरमेक्टिनला ते दाद का देत नाहीत?

शेळीपालक, परभणी जिल्हा:
आमच्या उस्मानाबादी शेळ्या जायकवाडीच्या कालव्याकाठी चरतात. दिवाळीनंतर काहींच्या जबड्याखाली सूज आली आणि आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची सुई दिलेली असतानाही लेंडीच्या तपासणीत पर्णकृमींची अंडी निघाली. हे कृमी नेमके कसे असतात?

प्राणिशास्त्राचा शिक्षक, नांदेड:
पर्णकृमी आणि पट्टकृमी हे चपटकृमींच्या संघातले असून गोलकृमींशी त्यांचे जवळचे नाते नाही. आयव्हरमेक्टिन गोलकृमींना लुळे पाडते. चपटकृमींवर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

चपटेपणाचे कारण त्यांच्या घडणीत आहे. या प्राण्यांना देहगुहा, म्हणजे आतडे आणि शरीरभिंत यांमधली पोकळी नाही, रक्ताभिसरण नाही, श्वसनाचे अवयवही नाहीत. वायूंची देवाणघेवाण सर्वांगाच्या पृष्ठभागातूनच होत असल्यामुळे आतली कोणतीही पेशी पृष्ठभागापासून फार दूर असून चालत नाही. पर्णकृमीच्या आतड्याला तोंड एकच असते, पण फाटे इतके फुटलेले असतात की अन्न वाहून नेण्यासाठी रक्ताची गरज पडत नाही. पट्टकृमींना तर आतडेच नसते. ते त्वचेतूनच अन्न शोषतात. बहुतेक चपटकृमी उभयलिंगी असतात. त्यांना ‘निम्न प्राणी’ म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही, कारण याच संघातल्या प्लॅनेरियाच्या लहानशा तुकड्यापासूनही अख्खा प्राणी पुन्हा घडतो.

पशुवैद्यक, उदगीर:
आपल्याकडे प्रामुख्याने फॅसिओला जायगँटिका हा यकृतातला पर्णकृमी आढळतो. त्याची अंडी लेंडीवाटे पाण्यात पडतात, त्यांतून निघालेली अळी लिम्निया जातीच्या गोगलगायीत शिरते आणि तिथे एका अळीच्या शेकडो होतात. त्या बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर स्वतःभोवती पुटी, म्हणजे संरक्षक कवच करून बसतात, आणि ते गवत शेळीने खाल्ले की पिल्लू कृमी आतड्याची भिंत भेदून यकृत पोखरत पित्तनलिकांपर्यंत पोहोचतात. रक्त व प्रथिने घटल्यामुळे जबड्याखाली पाणी साचते. ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः प्रौढ कृमींना मारते, तर ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लू कृमींनाही. मात्रा वजनानुसार पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी.

शेळीपालक, परभणी जिल्हा:
आभारी आहे, डॉक्टरसाहेब. काठचे गवत कापून वाळवून घातले तर चालेल का?

पशुवैद्यक, उदगीर:
कडक उन्हात पूर्ण वाळलेल्या गवतातल्या पुटी सहसा मरतात, पण ओलसर गंजीत त्या बराच काळ तग धरतात. पाणी मात्र कालव्यावर न नेता गोठ्यातल्या हौदातच पाजावे.