मदत हवी आहे: पेजमेकरवाला जुना कॉम्प्युटर आता बदलावा का?

नमस्कार मंडळी,

बार्शीत आमचा लहानसा छापखाना आहे. ऑफसेट मशीन मिस्टर बघतात, डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावणं, सगळं माझ्याकडे. कामं नेहमीचीच. लग्नपत्रिका, मार्केट यार्डातल्या अडत्यांची पट्टीबुकं (शेतमालाच्या हिशोबपावत्यांची पुस्तकं), पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पत्रिका बंद आहेत, म्हणून हे लिहायला सवड मिळाली. निज ज्येष्ठात थोड्या पत्रिका होतील आणि मग लगेच अहवालांची रांग लागेल. सगळ्या संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायच्या असतात, त्यामुळे तोवर मान वर काढता येत नाही. म्हणजे काय तो निर्णय आत्ताच व्हायला हवा.

कॉम्प्युटर २०१२ चा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज ७, तीही ३२-बिट. त्यावर पानं लावायचा पेजमेकर ७, चित्रं-मथळ्यांचा कोरल १२ आणि मराठी टायपिंगचं एक पॅकेज. हे पॅकेज कॉम्प्युटरपेक्षाही जुनं. त्याचा डोंगल (परवान्याची किल्लीच म्हणा) पंचवीस पिनांचा, पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खोबणीला लागणारा. तेव्हा बोर्ड घेतानाच तसा पोर्ट असलेला मुद्दाम शोधून घेतला होता. डोंगलचा एक स्क्रू कधीच गळून गेलाय, त्यामुळे तो जरा तिरका बसतो. मशीनच्या हादऱ्याने हलला की टायपिंग बंद. मग टेबलाखाली वाकून दाबायचा.

आता तक्रारी. बंद करून सुरू केला की तारीख मागे जाते. हार्ड डिस्क मधूनच टकटक करते. क्रोम १०९ वर अडकलंय, पुढे अपडेट होत नाही. आणि खरा छळ म्हणजे हल्ली मजकूर कागदावर कुणी देतच नाही, व्हॉट्सॲपवर येतो. तो युनिकोडमध्ये (मोबाइल-नेटवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) असतो, पेजमेकरमध्ये पेस्ट केला की ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटच्या मांडणीत आणणाऱ्या कन्व्हर्टरमधून फिरवून घेते, पण मग रफार आणि पहिल्या वेलांट्या शोधत बसावं लागतं. चार पानांचा मजकूर असेल तर सरळ नव्याने टाइप केलेला परवडतो.

एवढं असूनही हात का आखडतोय, तर सगळा जुना माल यातच आहे. प्रत्येक पतसंस्थेचा अहवाल म्हणजे गेल्या वर्षीची फाइल उघडायची, आकडे आणि संचालकांची नावं बदलायची, फोटो बदलायचे. अडत्यांची पट्टी तर वर्षानुवर्षं तीच, फक्त नंबर पुढचा. या फाइली नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या नाहीत तर मी पुन्हा शून्यावर.

पॅकेजवाल्यांना फोन केला होता. म्हणाले, जुना डोंगल बदलून मिळत नाही, नवीन व्हर्जन पूर्ण किमतीला घ्या. गावातला हार्डवेअरवाला म्हणतो, "मॅडम, टाका हे, नवीन घ्या, सगळं चालतं." सगळं म्हणजे त्याच्या लेखी एक्सेल आणि यूट्यूब.

माझे प्रश्न असे: विंडोज ११ वर पेजमेकर ७ चालतो का? पॅरलल डोंगलसाठी यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, तो चालेल का? की जुनाच कॉम्प्युटर डागडुजी करून आणखी दोन वर्षं रेटावा? माझी मराठी टायपिंगची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली आहे, बोटांना तोच लेआऊट माहीत. इनस्क्रिप्टचा वेगळा लेआऊट शिकायला सांगू नका, एवढी विनंती.

– पट्टीबुक

खिळेजुळारी: ताई, कॉम्प्युटर बदलायचा की नाही हे नंतर बघा, आधी ती टकटक. टकटक करणारी डिस्क सांगून जात नाही. आजच्या आज सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. नुसत्या फाइली नकोत, फाँटचं फोल्डर आणि पॅकेजची सेटअप सीडीही घ्या. मग नवी सॅटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आणून त्यावर जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल करून घ्या. क्लोनझिला फुकट आहे, जमत नसेल तर तुमच्या त्या हार्डवेअरवाल्याला एवढं काम नक्की येईल. विंडोज, पेजमेकर, डोंगलचं पॅकेज, सगळं आहे तसंच उचलून येतं, काही नव्याने टाकावं लागत नाही. तारीख मागे जाते ती बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी संपल्यामुळे. रुपयाच्या नाण्याएवढी असते, घड्याळवाल्याकडेही मिळते.

हायबरनेट: यूएसबी ते पॅरलल कन्व्हर्टर घेऊ नका. त्या केबली प्रिंटरसाठी असतात. विंडोजला तिथे प्रिंटर दिसतो, खरा एलपीटी (पॅरलल) पोर्ट दिसत नाही, आणि डोंगल पोर्टशी थेट बोलतो. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड डेस्कटॉपमध्ये बसतं, पण तिथेही पोर्टचा पत्ता वेगळा येतो आणि जुनं सॉफ्टवेअर तो ओळखेलच असं नाही. शिवाय डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखून देणारा भाग) ३२-बिटचा असणार. विंडोज ११ फक्त ६४-बिट येते आणि त्यात ३२-बिट ड्रायव्हर बसत नाही. प्रोग्राम ३२-बिटचा चालतो, ड्रायव्हर नाही. लोकांची गल्लत इथेच होते.

व्हर्च्युअल मशीनचं (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो: यूएसबी डोंगल असता तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ टाकून डोंगल आत देता आला असता. पॅरलल पोर्ट आत देणं म्हणजे नसती डोकेदुखी.

रेटारेटी: माझं मत वेगळं. नवीन घेऊच नका. एसएसडी टाका, नेट काढून टाका, चालू द्या. आमच्याकडे विंडोज एक्सपी अजून आहे, हूं की चूं करत नाही. कंपन्यांना आपले खिसे रिकामे करायचे असतात.

पट्टीबुक: @रेटारेटी, नेट काढलं तरी पेनड्राइव्हचं काय? गिऱ्हाईक सकाळी सायबर कॅफेत जाऊन येतं आणि दुपारी तोच पेनड्राइव्ह माझ्याकडे. शॉर्टकट व्हायरस आम्ही घरच्यासारखा पोसलाय. आणि व्हॉट्सॲपचा मजकूर नेटशिवाय कसा घ्यायचा?

@खिळेजुळारी काका, फाइली काढून घेतल्या. एसएसडी सांगितली आहे.

बटरपेपर: मी नांदेडला डीटीपी करतो, याच वाटेने गेलोय म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, एक प्रयोग करा. डोंगल काढून ठेवा, पॅकेज चालू करू नका, आणि पेजमेकरमध्ये गेल्या वर्षीचा अहवाल उघडा. मजकूर मराठी दिसतोय का बघा. एक प्रिंट काढा. पुष्कळ पॅकेजांत डोंगल लागतो तो टाइप करायला, म्हणजे की-बोर्डच्या भागाला. फाँट साधे ट्रूटाइप असतात, ते विंडोजच्या फाँट फोल्डरमध्ये बसलेले असतात. काही पॅकेजांत पॅकेज चालू असेल तेव्हाच फाँट दिसतात, म्हणून आधी खात्री करा.

फाँट डोंगलशिवाय दिसत असतील, तर ते विंडोज ११ वरही दिसतील. फाँट पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या प्रकारचे नाहीत ना, एवढं पाहा. ते असले तर नव्या इनडिझाइनमध्ये (पेजमेकरच्या जागी आलेला ॲडोबीचा प्रोग्राम) येणार नाहीत, ॲडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा सपोर्ट काढला.

पेजमेकर ७ चं म्हणाल तर आमच्याकडे विंडोज १० च्या ६४-बिटवर चालतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो, डिफॉल्ट प्रिंटर लावलेला नसेल तर भांडतो, आणि त्याच्यासोबतचा पीडीएफ करणारा डिस्टिलर चालत नाही, पीडीएफ प्रिंटमधून काढतो. पण पेजमेकर २००१ चा. त्याच्यावर नवीन घर बांधू नका. तो फक्त जुनी फाइल उघडून बघायला ठेवा.

पुढचं काम इनडिझाइनमध्ये. त्यात एक मेख आहे: पेजमेकरच्या फाइली इनडिझाइन सीएस६ पर्यंतच उघडतात, त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ते दार बंद केलं. कुणाकडे परवान्याचं सीएस६ असेल तर त्यातून आयडीएमएल प्रकारची फाइल करून घ्यायची आणि ती नव्यात उघडायची. ओळी इकडेतिकडे सरकतात. तक्त्यांची तर वाटच लागते, ताळेबंद मी सगळे नव्याने केले. खरं सांगायचं तर अहवालातला ताळेबंद नव्याने करणंच बरं, कारण पेजमेकरमध्ये आपण तो टॅब मारमारून केलेला असतो.

आणि सगळ्या फाइली बदलायच्या मागे लागू नका. ज्या संस्थेचं काम येईल तिचीच फाइल त्या वेळी बदलायची. निम्म्याहून जास्त फाइलींना कुणी हात लावत नाही.

पट्टीबुक: @बटरपेपर दादा, केला प्रयोग. डोंगल काढून टेबलावर ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि अहवाल उघडला. सगळं मराठी जसंच्या तसं! प्रिंटही आली, बटरपेपरवरसुद्धा काढून पाहिली, मिरर (उलटी छाप) व्यवस्थित. फक्त टाइप करायला गेले की इंग्रजी अक्षरं पडतात. इतकी वर्षं मी समजत होते की डोंगल गेला तर फाइली गेल्या.

मग आता एक शंका. नव्या कॉम्प्युटरवर जुन्या फाँटमध्ये एखादं नाव बदलायचं झालं, संचालक बदलला समजा, तर टाइप कसं करणार?

बटरपेपर: युनिकोडमध्ये टाइप करून कन्व्हर्टरने तुमच्या फाँटच्या मांडणीत आणायचं आणि पेस्ट करायचं. एकदोन नावांना ठीक आहे. कन्व्हर्टर चुकतो कुठे ते माहीत असलं की तपासायला वेळ लागत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, म्हणून ‘स्थिती’, ‘व्यक्तिगत’, ‘मार्मिक’ असे शब्द आधी बघा. दुसरं म्हणजे ‘वाऱ्या’, ‘कोऱ्या’मधला र. आणि अवतरणचिन्हं, ती हमखास दुसरंच काहीतरी होऊन येतात. ताळेबंद असेल तर आकडेही एकदा मूळ प्रतीशी लावून घ्या. पतसंस्थेच्या अहवालात आकडा चुकला तर सभेत चेअरमन आपलंच नाव घेतो.

लेआऊटवाली: टायपिंगबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मीही टाइपरायटरवाली. युनिकोडसाठी टाइपरायटर लेआऊटचे की-बोर्ड मिळतात, इनस्क्रिप्टची सक्ती नाही. काही जोडाक्षरांच्या जागा थोड्या वेगळ्या लागतात, आठवडाभर चिडचिड होते, मग बोटं वळतात. आधी तुमच्या विंडोज ७ वरच टाकून सवय करा. वर्डपॅडमध्ये व्हॉट्सॲपचे मेसेज टाइप करत बसा.

फाँट मात्र आधी छापून बघा. पडद्यावर मुक्ता छान दिसतो, यशोमुद्राही चांगला आहे, दोन्ही फुकट. पण पत्रिकेचं गिऱ्हाईक जुन्या पॅकेजमधल्या वळणदार फाँटची सवय लागलेलं असतं. "मागच्यासारखंच पाहिजे" म्हणतं. तेवढ्यासाठी कोरलमध्ये पत्रिकांचे जुने मथळे कर्व्ह (अक्षरांचं न बदलणारं चित्र) करून ठेवा. ‘श्री गणेशाय नमः’ आणि ‘शुभविवाह’ काही बदलत नाहीत. वधूवरांची नावं कर्व्ह केलीत तर मात्र पुढचं लग्नही त्याच जोडप्याचं लावावं लागेल.

हायबरनेट: इनडिझाइनमध्ये मराठी टाकताना पॅराग्राफचा कंपोझर (ओळी जुळवायची सेटिंग) ‘वर्ल्ड-रेडी’ करून घ्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि माणूस फाँटला शिव्या देतो. इनडिझाइनचं महिन्याचं भाडं नको असेल तर स्क्रायबस हा फुकट प्रोग्रामही बघा, १.५.३ पासून देवनागरी नीट जुळवतो. पत्रिका, पट्टीबुकं त्यात आरामात होतील. अहवालाला इनडिझाइनच बरं.

कॉम्प्युटर घेताना रॅम १६ जीबी घ्या. आणि स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉप स्वस्त मिळाला तरी नको. विंडोज तीच दिसते, पण चिप वेगळी, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्यात रडवतात.

रेटारेटी: एवढं सगळं करण्यापेक्षा एसएसडी टाकून गप्प बसणं सोपं नाही का?

खिळेजुळारी: @रेटारेटी, एसएसडी टाकायचीच आहे, पण गप्प बसायला नाही. डिस्क नवी झाली तरी बोर्ड चौदा वर्षांचा आहे. तो गेला की पॅरलल पोर्टवाला दुसरा बोर्ड जुन्या बाजारात शोधत हिंडावं लागेल, तेही ऐन सप्टेंबरात. मी शिशाच्या खिळ्यांवरून (सुट्या अक्षरांवरून) डीटीपीवर आलो तेव्हा ट्रेडल (खिळ्यांचं जुनं छपाई मशीन) लगेच मोडीत घातलं नव्हतं. वर्षभर दोन्ही चालवलं. नंबरिंग आणि क्रीझिंग ट्रेडलवर, बाकी ऑफसेटवर. ताईंनीही यंदाचे अहवाल जुन्यावरच करावेत, नव्या संस्था आल्या तर त्यांचे नव्यावर.

पट्टीबुक: सर्वांचे आभार. मिस्टरांशी बोलले. ठरलंय ते असं: जुन्यात एसएसडी आणि बॅटरी टाकायची, त्याचं नेट काढायचं. त्यावर पेनड्राइव्ह फक्त माझा एकच लागेल, गिऱ्हाइकांचे सगळे नव्यावर तपासून. नवा कॉम्प्युटर याच महिन्यात घ्यायचा. व्हॉट्सॲपचा मजकूर, पट्टीबुकं आणि ज्येष्ठातल्या पत्रिका त्याच्यावर सुरू करणार, अहवाल यंदा जुन्यावरच. पॅकेजचं नवीन व्हर्जन तूर्तास घेत नाही, त्या पैशात रॅम येते.

फक्त एक सांगा. सोलापूरला एकाकडे वापरलेला आय-फाइव्ह ७५०० आहे, १६ जीबी रॅमसकट, फार स्वस्त देतोय. विंडोज ११ टाकून देतो म्हणाला. घेऊ का?

हायबरनेट: नको. ७५०० म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी किंवा पुढची लागते. तो तपासणी चुकवून टाकून देईल, चालेलही, पण पुढच्या मोठ्या अपडेटला अडेल तेव्हा तो फोन उचलणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यापासून सहाव्या-सातव्या पिढीचे ढीग बाजारात आलेत, स्वस्त आहेत ते त्यामुळेच. वापरलेलाच घ्यायचा तर आठवी पिढी किंवा पुढची बघा, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये चालू आहे का ते समोर दाखवायला सांगा, आणि पक्कं बिल घ्या.