लॅपटॉपात दोन ड्राइव्ह जोडून रेड ० करायचं, की एकच वेगवान घ्यायचा?

सीताबर्डीकर
लॅपटॉपला एम.२ चे, म्हणजे एसएसडीची पट्टी बसवायचे, दोन स्लॉट दिसले की दुकानदारापासून भाच्यापर्यंत सगळे तेच सुचवतात: दोन ड्राइव्ह लावा, रेड ० करा, वेग दुप्पट. १ टीबीचे दोन जेन ३ (पीसीआयई जोडणीची तिसरी पिढी, जेन ४ तिच्या दुप्पट वेगाची), प्रत्येकी सेकंदाला ३,५०० एमबी, म्हणजे कागदावर ७,०००. तेवढाच आकडा २ टीबीचा एक जेन ४ एकट्याने देतो. मग हा खटाटोप कशाला? रेड ० मध्ये प्रत्येक मोठ्या फाइलचे तुकडे दोन्हीकडे वाटले जातात. एक ड्राइव्ह गेला की दुसऱ्यावरचे तुकडे रद्दीच. एक ड्राइव्ह वर्षात मरायची शक्यता १ टक्का धरा, जोडी मोडायची १.९९ टक्के होते. माझं मत एकट्याच्या बाजूने. ज्यांना जोडी हवीच आहे त्यांनी कारण सांगावं.

धंतोली_कटिंग
भाऊ, जेन ४ चा स्लॉट आहे काय, हे तर पाहा आधी. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपात जेन ४ नाहीच. तिथे ७,००० वाला लावला तरी ३,५०० वरच अडकणार. दुसरं, लग्नाचं शूटिंग कॉपी करताना ड्राइव्हची एसएलसी कॅश, म्हणजे आतली छोटी वेगवान जागा, भरते अन् वेग धाडकन पडते, क्यूएलसीवर (स्वस्त, हळू चिपांचे ड्राइव्ह) तर विचारूच नका. दोन ड्राइव्हची कॅश मिळून दुप्पट. बॅकअप तसाही ठेवाच लागते, मग एक मेला तर काहून घाबरायचं?

ऑरेंज_बोर्ड
नेमकी त्या जुन्या मशीनवरच जोडी फसते. त्यांत दोन्ही एम.२ स्लॉट बहुतेक चिपसेटवर (प्रोसेसरची मदतनीस चिप) असतात, आणि चिपसेट ते प्रोसेसर ही वाट डीएमआय ३.० ची, जेन ३ च्या चार लेनएवढी (लेन म्हणजे डेटाची एक पदरी वाट). सेकंदाला जेमतेम ३.९ जीबी. टाक्या दोन, नळ एक. रेड ० करून ३,५०० चे ३,६०० होतील.

दुसरा स्लॉटही तपासा. पुष्कळ लॅपटॉपात तो दोनच लेनचा किंवा नुसता साटा या जुन्या जोडणीचा असतो, आणि साटा ५५० एमबीच्या आसपास थांबतो. जोडी चालते हळू ड्राइव्हच्या चालीने, जागा मिळते लहान ड्राइव्हच्या दुप्पट. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘ट्रान्सफर मोड’ पाहा. डावीकडे सध्या मिळणारी लेन, उजवीकडे ड्राइव्हची कुवत.

आणि कॉपीचं म्हणाल तर कॅमेऱ्यातल्या यूएचएस-२ कार्डाची कमाल मर्यादाच ३१२ एमबी आहे. कॅश भरल्यावरही चांगला टीएलसी (क्यूएलसीहून वेगवान चिपांचा) ड्राइव्ह त्याच्या पुढे असतो. १०० मेगाबिटचं फोरके म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. चार कॅमेरे एकदम चालवले तरी ५०. यात रेड ० ला काम कुठे आहे?

धंतोली_कटिंग
डीएमआयचं मान्य. पण अकराव्या पिढीच्या एच (जास्त ताकदीच्या) प्रोसेसरपासून एक स्लॉट थेट प्रोसेसरला जोडता येते, अन् चिपसेटची वाटही आठ लेनची झाली. तिथे तर जोडी पळते ना?

सीताबर्डीकर
पळते की. पण तो प्रोसेसरचा स्लॉट जेन ४ चाच असतो, म्हणजे एकटा ड्राइव्हही तिथे पुरतो. शिवाय एसएसडी आत काय करतो? कंट्रोलरच्या चार किंवा आठ चॅनेलवर चिपांमध्ये तुकडेच वाटतो. २ टीबीत चिपा जास्त, म्हणून तो बहुधा १ टीबीपेक्षा जास्त वेळ दमत नाही. विंडोज सुरू होणं, प्रोजेक्ट उघडणं हे छोट्या छोट्या वाचनावर चालतं, आणि वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कच्या सर्वांत खालच्या ओळीत, ४के क्यू१ (एका वेळी एकच छोटं वाचन) मध्ये, जोडी लावून जवळजवळ काहीच वाढत नाही. वरची, मोठ्या सलग वाचनाची ओळ फोटो काढून मित्रांना पाठवायला छान दिसते, एवढंच.

ऑरेंज_बोर्ड
तरी कोणाला करायचंच असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायोसमध्ये व्हीएमडी (रेडसाठी लागणारी इंटेलची सोय) सुरू केलं की विंडोजच्या इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसेनासे होतात. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा (रेड सांभाळणारा प्रोग्रॅम) ड्रायव्हर घ्या, झिप उघडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. आधीपासून टाकलेल्या विंडोजवर नुसता मोड बदलला तर निळा स्क्रीन येतो. एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट लावून बंद करा, मग बायोस बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू करा आणि ती खूण काढा. बायोसमधून रेड ० बनवताना मात्र दोन्ही ड्राइव्ह पुसले जातात.

मदरबोर्ड गेला की खरी पंचाईत. एकटा ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घालून कोणत्याही मशीनवर वाचता येतो. जोडीतला एक घातला तर विंडोज फॉरमॅट करू का म्हणून विचारतं, आणि घाईत कोणीतरी हो म्हणतं.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा आणखी एक. दुसऱ्या स्लॉटवर अनेकदा ना उष्णता पसरवणारा पत्रा, ना थर्मल पॅड. तिथला ड्राइव्ह तापून मंदावला की दुसराही त्याची वाट पाहत बसतो. पॅड लावताना जाडी मोजा. दोन्ही बाजूंना चिपा असलेला ड्राइव्ह पातळ लॅपटॉपात बसत नाही, दाबून बसवला तर पाटी वाकते.

सीए_रामदासपेठ
सगळे वेगावरच बोलताय. टॅली आणि रिटर्न भरणाऱ्याला वेग पुरेसाच असतो, त्याला काम थांबायला नको. म्हणून दोन स्लॉटचा उपयोग रेड १. दोन्हीकडे तीच प्रत. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरताना एक ड्राइव्ह मेला तरी दुसऱ्यावर काम सुरू. एकटा जेन ४ कितीही पळाला तरी मेल्यावर काय करणार?

सीताबर्डीकर
पण रॅन्समवेअर शिरलं तर दोन्ही प्रती एकाच क्षणी कुलूपबंद, चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, तसं झालं तर दोन्ही ड्राइव्ह एकाच लॅपटॉपात भिजणार. त्यापेक्षा दुसरा ड्राइव्ह वेगळा ठेवा, रोज रात्री त्यावर पूर्ण इमेज (सगळ्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत) घ्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून ती डिस्क दुसरीकडे ठेवा.

सीए_रामदासपेठ
बाहेरची प्रत हवीच, त्यावर वाद नाही. पण इमेज परत चढवायला तासभर तरी लागतो, आणि कालचीच इमेज असेल तर आजच्या नोंदी पुन्हा टाका. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तेवढा वेळ कोणाकडे असतो? मिररवर, म्हणजे रेड १ वर, मी ठाम आहे. फक्त दोन्ही ड्राइव्ह वेगळ्या कंपनीचे घ्या, म्हणजे एकाच फर्मवेअरच्या (ड्राइव्हमधल्या प्रोग्रॅमच्या) दोषाने दोघे एकदम जाणार नाहीत. आणि आरएसटीच्या खिडकीत अवस्था ‘नॉर्मल’ आहे का ते दर सोमवारी पाहा. मिरर तुटल्याची सूचना कोपऱ्यात येते नि जाते, पुढचे कित्येक महिने लॅपटॉप एकाच ड्राइव्हवर चालत राहतो.